टेबलाखालची केबल

खोपटच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

“मंदाताई, ऑफिसातले कॉम्प्युटर झाले का चालू?”

“दुपारी झाले. सगळ्यांना जोडणारी केबल एकच गं, चित्रा. एका ठिकाणी निसटली की सगळेच बंद.”

“मग कुठे निसटलेली?”

“माझ्या आणि कर्णिकांच्या टेबलांमध्ये. दोघांनाही खाली वाकावं लागलं.”

“कर्णिक? तुम्हाला प्रमोशन मिळाल्यापासून तुमच्याशी बोलत नाहीत, तेच ना?”

“तेच. त्यांनी बॅटरी धरली, मी केबल बसवली.”

“बोलले काही?”

“उठताना म्हणाले, ‘मंदाताई, डोकं सांभाळा, वर टेबल आहे.’”

“मग तुम्ही?”

“मला रडूच आलं गं. केबल तपासत्येय असं दाखवून तशीच खाली बसून राहिले.”