मोती उठेना

वाईन म्हणजे दारू नव्हे, हे मला नका सांगू. आमच्या मोतीला ते पटलं नव्हतं.

मोती माझ्या थोरल्या भावाचा कुत्रा. भाऊ दारूनं गेला. तोवर मोती रोज गुत्त्याबाहेर बसून राहायचा आणि त्याला घेऊनच घरी यायचा.

पंचाण्णवच्या सुमारास नगरकडं वाईनचा कारखाना निघाला. आमची द्राक्षं घेता का, विचारायला मी आणि वडील गेलो. जीपमध्ये मोतीही चढला. कारखान्याच्या दारात वास आला, तसा तो खाली बसला.

सौदा ठरवून आम्ही बाहेर आलो, तरी मोती उठेना.

वॉचमन म्हणाला, "ऊठ की रं, आली तुझी मानसं."

वडील म्हणाले, "त्याच्या लेखी थोरला अजून आत हाय."

आणि तेही त्याच्याशेजारी बसले.