सोळा जोड्या

हॅलो? … हो, हायस्कूलच. मीच बोलायलोय, दिनकर मास्तर. … कोण, चतुरा? सूर्यभानची चतुरा? … अगं, कोणाला खरं वाटायचं न्हाई, आत्ता या दत्तराव क्लार्कला तुझाच किस्सा सांगत होतो आणि फोन वाजला. …

पत्रिका मिळाली? … हो, शनिवारी. अठ्ठावन्न पुरी झाली. सरकारनं लिहून दिलं की मी म्हातारा झालो. … न्हाई गं, वाईट कशाचं वाटायचंय. काहीच वाटत न्हाई. पत्रिका वाचली तर दुसऱ्याच कोणाचा तरी निरोप असावा असं वाटलं. …

नाव? तुझं नाव मीच छापायला लावलं. माजी विद्यार्थिनीचं मनोगत. तू आता पूर्णेत विज्ञान शिकवायलीस, तू न्हाई बोलायचं तर कोणी? … काय बोलायचं म्हणजे? पेशीविभाजनाचा तास सांगायचा. मैदानावरचा. … आठवत न्हाई? स्वतः बाई झालीस आणि विसरलीस? … बरं, मग ऐक.

अठ्ठ्याहत्तर साल, श्रावण. नववीचा वर्ग, पटावर बत्तीस. पुस्तकात कांद्याच्या मुळाचं चित्र, आणि शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, त्याचंबी भिंग तडकलेलं. आता सांग, कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं किती? … सोळा. शाबास. वाटणीआधी एकेकाची दोन-दोन होतात. झाली का बत्तीस? पटच तसा जमून आला होता. … हो, हो, तुला येतंय, पण ऐक ना. तुमच्या सोळा जोड्या लावल्या, हातात हात. मैदानाच्या मधोमध एका रांगेत. प्रत्येकाच्या कमरेला दावं. निम्म्या दाव्यांची टोकं आठवीच्या हातात, निम्म्यांची पल्याड दहावीच्या. … तेच, तर्कुतंतू. मी शिट्टी मारली की ओढायचं. जोडी फुटली की एक इकडं, एक तिकडं. सोळा आणि सोळा. भावाभावांच्या वाटणीसारखं न्हाई, इथं दोन्ही घरांना सगळं सारखंच. …

तेवढ्यात कडूबाईची शेरडं मधून चालली. बारा होती. ओढाताणीत सहा इकडं झाली, सहा तिकडं. सांजच्याला मोजली तर इकडं बारा, तिकडं बारा. … तुझी शपथ. कडूबाई म्हणली, मास्तर, हा धडा दर हप्त्याला घेत जा. … दत्तराव, हळू हसा, मला ऐकू येत न्हाई.

आता तुझा भाग. पंधरा जोड्या सुटल्या, एक सुटेना. तू आणि मनकर्णा. वाड्यावरच्या माणिकरावांची मनकर्णा आणि वस्तीतली तू. मी म्हणलं, पोरींनो, सोडा. दावं तुटलं, हात सुटला न्हाई. … एवढंच सांगायचं शनिवारी. सगळं गाव समोर असंल, माणिकराव अध्यक्ष हायेत. त्या साली विद्यापीठाच्या नावावरून जे झालं ते झालं. पण आपल्या शाळेत असंबी होतं, हे तुझ्या तोंडून आलं की … बरं पडंल. सगळ्यांनाच. …

काय? … नव्हतीस? … असं कसं? … अगं, विसरली असशील. थांब, पुरावाच देतो. दत्तराव, तेवढा अठ्ठ्याहत्तरचा हजेरीपट काढा. खालचा कप्पा, लाल फडक्यातलं गाठोडं. … तू फोन ठेवू नको. … तिकडं ऊन कसं हाय? … हं. … मिळाला. नववी, ऑगस्ट. हे बघ, बावीस नंबर, चतुरा सूर्यभान. हजर, हजर, हजर. अख्खा महिना, एक खाडा न्हाई. …

हो, रोज. … पंधरा ऑगस्टलाबी. झेंडावंदनाला हजर. …

थांब, बघतो. … हो. वस्तीतली पाचही नावं. पाचही, रोज हजर. …

कधी? … चार तारखेला. … वस्तीतली घरं चार तारखेला जाळली. … हो. … आणि पाच तारखेला तुमी पूर्णेत, मामाच्या रेल्वे क्वार्टरमधी. … दिवाळीपर्यंत. … हं. …

अक्षर? … माझंच हाय. …

का म्हणशील तर … पाच ओळी कोऱ्या दिसल्या असत्या. तपासणीला साहेब आले असते, ही पाच कुठं गेली म्हणले असते. मग मला लिहून द्यावं लागलं असतं, काय झालं, कोणी केलं. … न्हाई, कोणाचा दाब नव्हता. कोणी सांगितलंबी न्हाई. मीच. … रोज सकाळी पाच नावं पुकारायची, उत्तर यायचं न्हाई, आणि पुढं खूण करायची. चार-आठ दिवसांत हाताला सवय झाली. … न्हाई, तेव्हाबी काही वाटलं न्हाई. …

दत्तराव, तुमी चहा घेऊन या. … बसताय? … बसा.

हॅलो? चतुरा? … ऐकायलोय. … येणार? शनिवारी? … बरं झालं. नाव छापून आलंय. … मनोगत न्हाई करायचं? मग? … एकच प्रश्न. … वर्गात विचारायचीस तसा, हात वर करून. … विचार की. तुला मी कधी खाली बस म्हणलं न्हाई. … काय प्रश्न? … जरा मोठ्यानं बोल, दत्तरावांनाबी … न्हाई, काही न्हाई, बोल. …

“सत्तावीस पोरांच्या सोळा जोड्या कशा लावल्या, सर?”