आरशावर घासलेलं हेड

आमचा गडमुडशिंगीचा तो जुना ट्रॅक्टर आठवतोय का? त्याचं मोठं डिझेल इंजिन चालू करायला बाजूला एक छोटं पेट्रोल इंजिन होतं. ते सगळं खोलून नवं केलं, तरी त्याच्या हेडखालून, म्हणजे वरच्या लोखंडी झाकणाखालून, पाणी गळायचं. मी मधलं पॅकिंग, ते ग्यास्केट, तीनदा बदललं. शेवटी रशीदमिस्त्रीला बोलावलं.

तो म्हणाला, "ग्यास्केट बरं हाय, हेडच वाकडं झालंय. जाड, सपाट काच आणा. तिच्यावर घासू."

बायको हुपरीला माहेरी गेलती. मी तिचा लग्नातला आरसा उचलून आणला. मिस्त्रीनं त्यावर पॉलिश पेपर पसरून दिवसभर हेड घासलं आणि बसवलं. इंजिन सुरू झालं, पाण्याचा थेंब गळला नाही. आरशालाही चरा नव्हता. मी तो लख्ख पुसून जागेवर टांगला.

बायको आली, आरशापुढं उभी राहिली आणि गर्रकन वळली.

"पंधरा वर्सांत तुमी ह्यो आरसा कधी पुसला न्हाय. खरं सांगा, काय केलंय?"

"ट्रॅक्टरचं हेड घासलं त्याच्यावर."

"खोटं बोलायचं तर जरा पटंल असं तरी बोला की!"