संदर्भांच्या यादीत आई

हसू नका, पण विज्ञानाच्या पेपरात माझं नाव लागता लागता राहिलं. आमच्या वैष्णवीनं कॉलेजात धान्यातल्या किडीवर मराठीतून पेपर लिहिला. गव्हात निर्गुडीचा पाला घालावा, ही माहिती कुठून घेतली? तर संदर्भांच्या यादीत सगळ्यात वर लिहिलेलं, ‘आई’.

सरांनी मलाच बोलावून घेतलं. "बाई, मूळ कुणी सांगितलं ते लागतं. आज नाही कळलं तर पेपर स्पर्धेला जाणार नाही."

पोरीचा चेहराच उतरला. मी म्हटलं, "खरंय सर. आमच्या सोमवारच्या पोथीतसुद्धा कुणी कुणाला सांगितलं ते आधी येतं." मला हे येरमाळ्याच्या नणंदेनं सांगितलेलं. महादेवाचं नाव घेतलं आणि तिला स्पीकरवर फोन लावून विचारलं.

"वहिनी, मला सोनारीच्या सुंदराकाकूंनी सांगितलं," नणंद म्हणाली. "त्यांचा ल्योक तिकडं धाराशिवला किड्यांचाच मास्तर हाय. काकू दरसाली पाला घालून गहू पाठवत्यात, पर गहू टिकतो कसा ते त्यानं एकदाबी विचारलं न्हाय."

सर चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "आमची आई आहे ती. वैष्णवी, सुंदराबाईंचं नाव सगळ्यात वर घे."

"पण सर, यादी अकारविल्हे लावायची, तुम्हीच सांगितलंय. त्या शेवटी येतात."

सरांनी जरा विचार केला. "मग राहू दे. ‘आई’च ठेव."

पेपर गेला. यादीत आई अजून पहिलीच आहे, फक्त आता ती सरांची आहे.