शेवटचा वाफा

"हॅलो? … हॅलो! कोण, मालन का? … अगं मी, तुझी आई! वरडू नको, बहिरी झाले न्हाई अजून."

दावं तोडून पळणारी गाय धरावी तसा गोजरबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. पोस्टातल्या बाकावरची माणसं कान टवकारून बसलेली. त्यांच्याकडे त्यांनी सरळ पाठ केली.

"संगमनेरला गेल्ते, डॉक्टरकडं… व्हय, एकलीच. मला काय वाट ठाव न्हाई? … सांगते की! एकदाच सांगीन, दोनदा सांगायची माझी रीत न्हाई. पायाची धमनी चोंदलीय म्हणं. … धमनी गं, रगताची नळी! आतून कडक झालीय, अरुंद झालीय. मी म्हणलं, पाटात गाळ साचतो तशी का? तर हसतोय मेला. म्हणं, आजी, अगदी तशीच. वरचे वाफे भिजतात, शेवटचा वाफा सुकतो. तो वाफा म्हंजी माझा आंगठा.

"… मिश्री? सोडा म्हणला. … न्हाई सोडली. सकाळी उठून भेटायला घरात तेवढीच हाय.

"… आंगठा काळा न्हाई, काळपट… व्हय, व्हय… अगं ऐक ना! पाय लई गार पडला हुता. म्हणून तापली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी घेतली. पोळलं ते कळलंच न्हाई. फडकं जळाल्याचा वास आला तवा उठले. … बधिर पायाला शेक द्यायचा नसतो, हे मला कुणी सांगावं? घरात हाय कोण? … रडू नको. हितं लोकं ऐकत्यात."

बाकावर कुणीतरी उगीच खाकरलं.

"… पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हणला, लगोलग. नळी मोकळी झाली तर झाली, न्हाईतर पाय कापायचा. … तिथं तुझ्याकडं उतरू? छ्या! तुझ्या पदरात लेकरू न्हाई अजून. लेकीला मूल होईस्तोवर आईनं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नसतं. तुझ्या आजीनं पाळलं, मी बी पाळणार. … व्हय, लई वर्सं झाली. मला ठाव न्हाई व्हय?

"… बोल की. … मालन? … टोचून न्हाई बोलले गं.

"… काय? पीठ माझं मी आणायचं? … आन भाकरी मीच थापायची… तुझा स्टो नको बाई, माझी शेगडी आणीन. … आन पाणी? … नळाचं?"

गोजरबाई थबकल्या. पदरानं तोंड पुसलं.

"नळ तर सरकारचा! मग ते पाणी जावयाचं कुठं झालं? … येते मी. ऐकलंस का? उद्याच्या यष्टीनं येते. स्टँडवर न्यायला ये हां, मला तिथलं काय उमगायचं न्हाई… मालन? … हॅलो? … हॅलो?"

कानात नुसती घरघर उरली होती.

रिसीव्हर ठेवून त्या पाय ओढत निघाल्या. बाकावरच्यांनी मुकाट्यानं पाय आखडून वाट दिली. उंबऱ्याशी येऊन थांबल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तशाच माघारी वळल्या आणि पोस्टमास्तरांच्या खिडकीशी जाऊन, भिंतीकडं बघत म्हणाल्या,

"आसारामभाऊ, परत लावा. … तिला ऐकूच गेलं न्हाई. पुन्यांदा सांगते."