दारापेक्षा रुंद डोंगर

नाही, नाही, गेल्या वर्षीपासून नव्हे — याच वर्षी, दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत, थंडी सरता सरता आमची ओळख झाली. तारखेच्या बाबतीत माझ्याकडून गफलत व्हायची नाही. तुझे वडील जन्माचे घड्याळजी असले तरी महिना त्यांना विचारू नये, त्यांना फक्त मिनिटं कळतात. बैस ना, उभी का? तुला अगंतुगं केलेलं चालेल ना — चालेल, छान. खाली तुझे हमाल टेबल काढत असतील. काढू देत. त्यांचा धसमुसळेपणा मला बघवायचा नाही, म्हणून तर सकाळपासून वर येऊन बसले आहे. आज तुझे वडील कायमचे तुझ्याकडे राहायला जाणार, टेबलासकट जाणार, चांगलंच आहे — उत्तमच आहे — मी काही म्हटलं का? चहा टाकते. साखर किती?

तर फेब्रुवारी. दुपारी जरा आडवी झाले की खालून घर्र घर्र, मध्येच शिट्टी. थोडे दिवस सोसलं आणि मग तरातरा जिना उतरले, की आज या घड्याळजींना चांगलं फैलावर घ्यायचं. दार उघडलं आणि आत — अगं, खोलीभर टेबल, टेबलभर रूळ, आणि काडेपेटीएवढे डबे ओढत पळणारं इंजिन! गाडी कशी, मिनिटाला मिनिट धरून. पण भोवतालचा देखावा? डोंगर म्हणजे उपडी घातलेली पातेली, झाडं सगळी एका उंचीची, कवायतीला उभी केल्यासारखी, आणि तळं निळं. निळं! भांडण राहिलं बाजूला, मी म्हटलं, “अहो, पाण्याला स्वतःचा रंग असतो का? काठाला मातकट, आत काळसर, आणि वर आभाळ असेल ते.” तर म्हणतात कसे, “तुम्ही वरच्या शिवणबाई ना? मग पाण्यात कशाला उतरता?” — असं तोंडावर! मी म्हटलं, “काठावर बसून पोहता येत नाही, म्हणून.” “मग उतरा,” म्हणाले आणि ब्रश हातात ठेवला. झालं. माझी दुपारची झोप तेव्हा जी गेली ती गेलीच.

काय काय केलं म्हणून सांगू! ही चहाची गाळून उरलेली पूड — टाकायची नाही हं, वाळवायची, चाळायची, ती झाली शेताडीची माती. भांडी घासायचा स्पंज मिक्सरमध्ये बारीक करायचा, वेगवेगळ्या हिरव्यांत भिजवायचा — एकच हिरवा वापरणं हा शुद्ध आळस — आणि पिळलेल्या तारेच्या फांद्यांवर चिकटवला की झाड. रुळांमधली खडी आधी कोरडी पसरायची, मग पातळ गोंद थेंबाथेंबानं सोडायचा, आणि त्या गोंदात साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर गोंद आत मुरत नाही, खडी उचलून तरंगायला लागते. तुझे वडील साबण विसरले आणि स्टेशनात महापूर! वर मलाच म्हणतात, “पावसाळी देखावा आहे असं समजा.” आणि ते गवताचं यंत्र — चाळणीसारखं असतं, विजेच्या भारानं बारीक तंतू ओल्या गोंदात ताठ उभे करतं, त्याची एक तार टेबलाला लावायची असते. मी ती बोटांतच धरून बसले. अगं, गवत टेबलावर उगवायचं ते माझ्या मनगटावर उगवलं, आणि अंबाड्यातून सुटलेला एकेक केस आभाळाकडे! आयुष्यात कुणाला मी विसकटलेली दिसले नाही, आणि तिथे — जाऊ दे. तुझे वडील खुर्ची धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग एकाएकी थांबले आणि म्हणाले, “ही गेल्यापासून या खोलीत पहिल्यांदाच.” ही म्हणजे तुझी आई. तुला ठाऊक असावं म्हणून सांगितलं.

तोवर त्यांच्या स्टेशनावर माणूस नव्हता, बघ. गाडी वेळेवर यायची, थांबायची, निघायची — उतरणारं कुणी नाही, निरोप द्यायला कुणी नाही. का, विचारलं तर म्हणाले, “माणसं आली की उशीर होतो.” मी म्हटलं, “होईना का! कुणाचं काय अडलंय?” आणि बसवली माणसं. पेपर वाचणारा एक गृहस्थ बाकावर, चांगला पोक काढलेला — “माझा पोक एवढा नाही,” म्हणाले, मी टेप काढून दाखवून दिला — आणि पोपटी छत्रीवाली एक बाई, लांब, खांबापाशी, शिस्तीत. तर परवा बघते, बाई बाकावर! गृहस्थाच्या शेजारी! मी चिमट्यानं उचलून पुन्हा खांबापाशी नेली. काल बघते तर पुन्हा बाकावर, आणि या खेपेला गोंद लावून. आता सांग, ओढून काढली तर पाय मोडणार बिचारीचा. ठेवली तशीच. माझा नाइलाज होता. हसतेस काय? नाइलाजच होता. निदान ती दोघं तरी एकत्र जातील तुझ्याकडे —

काय? टेबल गेलं नाही, हे सांगायला वर आलीस? अडकलं? दारात? ... डोंगर रुंद पडतो, आणि मापात चूक — माझी? तू मला विचारतेस? अगं, जन्म गेला माझा टेप आणि कात्रीत! डोंगराचा पहिला चुना कालवण्याआधी दाराचं माप घेतलं आहे मी, म्हणून तर तो दोन तुकड्यांत केला. बोगद्याच्या डोक्यावरून शिवण जाते, वरून गवत लावलं आहे म्हणून दिसत नाही, एवढंच. दोघांनी दोन बाजूंनी धरलं की तुकडा अल्लाद हातात येतो. इंजिन बोगद्यात रुसलं की आम्ही तसंच तर काढतो — मागच्या आठवड्यातच काढलं, त्यांनी डावीकडून धरलं, मी उजवीकडून. म्हणे चूक! एकसंध डोंगर करायला मी काय अडाणी आहे? विचार तुझ्या वडिलांना, त्यांना चांगलं —

त्यांनी काय सांगितलं?

“एकसंध आहे, करवत लावली तर भुगा होईल” — असं? हमालांसमोर? तोंड कसं होतं? ... आणि तुला म्हणाले, टेबल येत नाही तर मीही येत नाही. सरळ म्हणाले. शिवण माहीत असून.

अगंबाई.

नाही, मला काही झालेलं नाही. चहा आटून गेला वाटतं. तू रडतेस की हसतेस? — हं. मलाही तेच होतंय. हे बघ, मी काही बोलले नाही. शिवण नाही, तुकडे नाहीत, डोंगर एकसंध आहे, आणि माप माझंच चुकलं — हो, चुकलं, सांग खुशाल सगळ्यांना, जाहीर सांग! हमालांना परत पाठवशील ना? पाठवतेस. शहाणी आहेस. सुट्टीत मात्र राहायला ये हो, तुला खिडकीजवळची खोली देऊ — म्हणजे, ते देतील. ते. खाली.

आज सोमवार, एकवीस मे. जा तू आता. आणि दार लोटून घे, मला केस नीट करायचे आहेत.