खंडेनवमीला पुजलेली पट्टी

...आणि वर घरचे मलाच म्हणतात, ‘एवढं काय झालं गं चिडायला?’ एवढं काय झालं? तुम्हाला सांगते, तीन वर्षं! तीन वर्षं मी बारामतीच्या कॉलेजात पीएचडीसाठी एक काळी पट्टी करतेय, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. पॉलिमर घ्यायचा, त्यात क्षार, त्यात कार्बनची पूड, ढवळ ढवळ ढवळायचं, काचेच्या बशीत ओतायचं आणि वाळायची वाट बघत बसायचं. मग तिचं एक टोक गरम, एक गार ठेवलं की वीज येते. किती? मिलिव्होल्ट! पण हे आमच्या सणसर गावात सांगायची सोय आहे का? शेजारचे गेणबा तात्या बांधावरनं ओरडतात, ‘स्वरूपा, मोटर चालंल का त्याच्यावर?’ अहो तात्या, मोटर कसली, घड्याळाचा काटा हलायचा नाही! ‘मग तीन वर्षं केलंस काय?’ डेअरीवर दूध घालायला जावं तर तिथंही तेच... मोटर चालंल का!

बरं, एकोणीस पट्ट्या वाया गेल्या. कुणात बुडबुडे, कुणाला भेगा, पावसाळी हवेत तर सगळ्या चिकट. पाणी म्हणजे हिचा वैरीच! विसावी जमली. बावीस मिलिव्होल्ट! दसरा झाला की सोमवारी कमिटीपुढं दाखवायची, कमिटीनं मान डोलावली की प्रबंध लिहायला मोकळी. लॅबला सुट्टीचं कुलूप, म्हणून डब्यात घालून घरी आणली. चुकलं माझं! आमची आत्या, धोंडाबाई... खंडेनवमीला कोयता, खुरपं, ट्रॅक्टरचे पाने पाटावर मांडले, आणि मधोमध माझी पट्टी! ‘ज्याचं त्याचं हत्यार पुजाय नगं व्हय?’ हळद, कुंकू, झेंडू, आणि वर नारळ फोडून पाणी... पाणी!! मी आंघोळ करून येते तर पट्टी फुगून लिबलिबीत. मी किंचाळले, आणि तात्या खोबरं चघळत विचारतात, ‘आता तरी मोटर चालंल का?’

रडूच आलं हो. रागारागानं एक टोक कोमट तव्यावर टेकवलं, एक बर्फावर, आणि मीटर लावला. एकसष्ट! डोळे चोळून परत बघितलं. एकसष्टच! माझ्या गाइड सरांना फोन केला. सर खुर्चीतनं उठलेच असणार. ‘अगं, मिसळलंस काय?’ काय सांगू? ‘सर, खंडेनवमी.’ त्यावर म्हणाले, ‘हे बघ, नव्या पट्टीवर अजून तीनदा तसंच आलं तरच कमिटी मानेल. प्रमाण लिहून ठेवलंयस ना?’

प्रमाण! आत्याला विचारलं, हळद किती घातलीस? ‘चिमूटभर.’ कुणाची चिमूट? ‘माझी!’ आणि पाणी? ‘सांडलं तेवढं.’ राग गिळला, हात जोडले, म्हटलं आत्या, लॅब उघडली की नवी पट्टी करून देते, तेवढी पूजा परत करून दाखव. तर माझ्यावरच डाफरली, ‘खंडेनवमी काय रोज असती व्हय गं? पुढच्या वर्षी आण!’

टाकला मुदतवाढीचा अर्ज. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, सण वर्षातून एकदाच येतो.